पाण्याची काच

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी तो पन्नास वर्षं लागलाय आणि अजून दमलेला नाही. गावात मला तोंडावर ‘नेव्हीवाले लालासाहेब’ म्हणतात आणि पाठीमागे ‘भागूबाई’ म्हणतात. पाठीमागचं खरं आहे. कुकरची शिट्टी जरा लांबली की आमचं सगळं घर अंगणात उभं असतं, कारण मी बोंब ठोकून सगळ्यांना बाहेर काढलेलं असतं. आमची लीलाबाई आता भाजी अर्धी कच्ची ठेवते, पण कुकर लावत नाही. तिला शिजण्यापेक्षा शांतता प्रिय आहे.

त्यात आमचं गाव फौजींचं. दर तिसऱ्या घरात भिंतीवर पदक आहे. पारावर बसलं की कुणी छांबची गोष्ट सांगतो, कुणी सियाचीनची, आणि मग सगळे माझ्याकडे वळतात. ‘‘लालासाहेब, तुमी काय मारलंत वो? मासं?’’ मी हसतो. दहा वर्षं लढाऊ जहाजावर काढली आणि लढाई पाहिली नाही. भरती झालो १९७४ साली, तेव्हा लढाई संपून तीन वर्षं झाली होती.

माझं जहाज म्हणजे हलकी क्रूझर. हलकी हे नुसतं म्हणायला. नऊ हजार टनांचं लोखंड होतं ते. हलकी वजनाने नव्हे, तोफांच्या तोंडाने. तोफेचं तोंड सहा इंची असलं की क्रूझर हलकी, आठ इंची असलं की भारी. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं आणि मी ते आजतागायत ज्याला त्याला सांगत आलोय, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं फारसं काही नाही.

पण जहाजाची रचना मला मनापासून आवडायची. ज्या कुणा विलायती माणसाने ते कागदावर काढलं, तो माझ्यासारखाच भित्रा असणार असं मला वाटे. प्रत्येक घाव कुठून येईल याचा त्याने आधीच विचार करून ठेवला होता. आधी बॉयलरची खोली, मग इंजिनाची, मग पुन्हा बॉयलरची, पुन्हा इंजिनाची. एका टॉर्पेडोने एक जोडी गेली तरी दुसरी जोडी जहाज घरी नेईल. सुकाणू दोन ठिकाणांहून चालायचं, पंप दुप्पट, तारा दोन वेगळ्या वाटांनी नेलेल्या. बॉयलरच्या खोलीत पंख्याने हवा कोंबलेली असे, म्हणून तिला दोन दारं होती. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दोन्ही एकदम उघडली तर कोंडलेली हवा बाहेर पळणार आणि भट्टीतली आग माणसांच्या अंगावर येणार. मरणाचे इतके रस्ते माहीत असलेला माणूस रात्री झोपत कसा असेल, कोण जाणे.

त्याचा एकच हिशेब चुकला. त्याने सगळा बंदोबस्त शत्रूचा केला, आणि शत्रू कधी आलाच नाही. आमची ती वर्षं पितळ घासण्यात आणि रंग देण्यात गेली. कॅडेट पोरांना समुद्र दाखवायचा, मोम्बासा नाहीतर मॉरिशसला सदिच्छा भेटीला जायचं, मागच्या डेकवर कनात ताणून तिथल्या बड्या लोकांना समोसे खायला घालायचे. तोफा वर्षातून एकदा सरावाला उडायच्या आणि कपबश्या फुटायच्या. वर बँड वाजत असायचा. आम्ही खाली पन्नास डिग्रीत.

खाली माझं काम एकच, पाण्याची काच बघणं. बॉयलरला बाहेरून एक उभी काचेची नळी असते, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. पाणी कमी झालं तर आगीत उभ्या असलेल्या नळ्या कोरड्या पडतात, लाल होतात आणि फुटतात. चार तास त्या काचेवरून डोळा हलवायचा नाही. नेमणूक करणाऱ्याने माणूस बरोबर हेरला होता. भित्र्याची नजर हलत नाही.

त्या काचेची एक खोड फार वाईट. ती पाण्याने काठोकाठ भरली तरी स्वच्छ दिसते, आणि एकदम रिकामी झाली तरी तशीच स्वच्छ दिसते. म्हणून तिच्या मागे पांढऱ्या पत्र्यावर काळ्या तिरप्या रेघा ओढलेल्या असतात. पाण्यातून पाहिलं की रेघा उलट्या बाजूला कललेल्या दिसतात. पाणी नसलं की जशा आहेत तशा. एवढ्या रेघांवर आम्हा सगळ्यांचा जीव टांगलेला होता.

माझ्याबरोबर पाळीला बिरदेव असायचा. माण तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरचा, आधी उभ्या जन्मात समुद्र न पाहिलेला. भट्टीत तेल उडवणाऱ्या फवाऱ्यांसमोर उभा राहून तो बिरोबाच्या ओव्या म्हणायचा. त्याला कशाचीच भीती नव्हती. माझा चेहरा बघून म्हणायचा, ‘‘लाला, लेका, त्या काचंत बायको दिसती का रं तुला?’’

१९७९च्या जानेवारीत, मॉरिशसहून परत येताना, एका पाळीत माझ्या डोळ्यांदेखत रेघा पलटल्या, पत्र्यावर जशा ओढल्या होत्या तशा दिसायला लागल्या. नियम सोपा होता. आधी ओरडायचं, मग तेल बंद, मग बाहेर. मी ओरडलो नाही. ओरडायला तोंड उघडलं, तर घशातून हवासुद्धा येईना. पाय मात्र निघाले. शिडी चढलो, पहिलं दार उघडलं, आत शिरून लावलं, दुसरं उघडलं, तेही नीट लावलं. बिरदेवने वळून बघितलं आणि मी जागेवर नाही, तेव्हा त्याला कळलं असणार. त्याने तेल बंद केलं म्हणून जहाज वाचलं. पण तोवर नळी फुटली होती. दोन दिवस तो जिवंत होता. चौकशीत मी सांगितलं, ‘वर कळवायला चाललो होतो.’ त्यांनी लिहून घेतलं. शांततेच्या काळातला अपघात. फाइल बंद झाली. हे मी लीलाबाईला सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही.

आणि मुलीने काय शिकावं? बॉयलर!

क्रांती आमची एकुलती एक. इंजिनियर झाली, बॉयलरची सरकारी परीक्षा पास झाली आणि आमच्या शिवेवरच्या गूळ पावडरीच्या कारखान्यात बॉयलरची प्रमुख म्हणून लागली. या कारखान्याचं गेट सातारा जिल्ह्यात आणि धुराडं सांगली जिल्ह्यात. गाव तिचं कौतुक करत होतं तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. ‘‘बँकेत जा की गं,’’ मी म्हणायचो. ती म्हणायची, ‘‘आबा, तुमी धा वर्सं राहिलासा की बॉयलरम्होरं. काय झालं?’’

यंदा तिचा पहिला हंगाम. बॉयलर पेटवायचा मुहूर्त चेअरमन धैर्यशीलदादांनी खंडेनवमीचा काढला. सकाळी अकरा वाजून नऊ मिनिटं. दादा आणि वहिनी जोडीने पूजेला बसणार, भट्टीत पहिली आग टाकणार, आणि लगेच भोंगा वाजणार. आता आग टाकल्याबरोबर भोंग्याला वाफ कुठून येणार? मग ठरलं, की पहाटेपासूनच आग लावून वाफ धरून ठेवायची आणि मुहूर्ताला पेटलेल्या भट्टीत पुन्हा पहिली आग टाकायची. याला कुणाची हरकत नव्हती. क्रांतीने घेतली होती, पण ती नवी होती.

मी गेलो नसतो. लीलाबाईने ढकललं. ‘‘पोरीचा मान हाय, आन् बाप घरात बसून कुकर बघणार व्हय?’’

गेलो. बॉयलरसमोर मांडव होता, दीड-दोनशे माणसं सतरंजीवर. पुढच्या रांगेत आमच्या गावचे पदकवाले. वर ड्रोन घोंगावत होता. चौरंगाखाली पाने, पक्कड, हातोडे, सगळी हत्यारं मांडून हळदकुंकू वाहिलेलं. बॉयलर नवा रंग लावून चांदीसारखा चकाकत होता. झेंडूच्या माळा त्याच्या अंगावरून सोडलेल्या. मी आपसूक काचेकडे बघितलं. सवय.

काच स्वच्छ होती. आणि तिच्या मागे रेघा नव्हत्या.

रंगाऱ्याने पूजेसाठी सगळं रंगवलं, त्यात तो पत्राही रंगवला होता. नुसता चंदेरी. काच भरलेली आहे की रिकामी, हे सांगणारं तिथे काहीच उरलं नव्हतं.

क्रांती बॉयलरजवळच उभी होती, हिरव्या साडीवर हेल्मेट घालून. मी माणसांमधून वाट काढत तिच्याजवळ गेलो.

‘‘क्रांते, रेघा कुठं हायत?’’

‘‘काल रंगवल्या, आबा. पूजा झाली की नवा पत्रा लावणार हाय. काच भरल्याली हाय. म्या सोत्ता भरून घेतलंय पानी सकाळी.’’

‘‘आन् पानी सोडणारा पंप? पंपाचा आवाज न्हाई.’’

तिने कान दिला. तिला हे माहीत नव्हतं. तिने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर पुढे वाकून हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, पंपाच्या घरघरीत भटजींचं ऐकू येईना. दादा म्हणाले धा मिंटं बंद ठेवा.’’

‘‘कवा बंद केला?’’

‘‘आत्ताच की. सत्यनारायणाचा दुसरा अध्याय सुरू झाला तवा.’’

आता पाचवा चालू होता.

‘‘पानी उतरलं तर बेल वाजती की,’’ मॅनेजर म्हणाले, आणि मग त्यांनाच आठवलं. ‘‘बेलचा तेवढा फ्यूज काढलाय. मदीच वाजली तर अपशकून नगं.’’

मी मॅनेजरांच्या पाया पडायचाच काय तो राहिलो. ‘‘साहेब, काचंखालचा कॉक उघडून बघा. पानी येतंय का वाफ, लगीच कळंल.’’

‘‘कॉकची चावी पूजंत मांडलीया, आबा. खंडेनवमीला पूजंतलं हत्यार उचलत्यात का कुठं? उद्या दसरा झाला की उचलायची.’’ आणि क्रांतीकडे बघून हसून म्हणाले, ‘‘वडील लय काळजी करत्यात तुमचे.’’

पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ‘‘भागूबाईला कुकर दिसला गड्या!’’ बाकीचे हसले. क्रांतीचे कान लाल झाले. ती माझ्या कानाशी म्हणाली, ‘‘आबा, पाच मिंटं. आरती झाली की म्या सोत्ता बघती. आज नगा.’’

आज नगा. बरोबर होतं तिचं. आयुष्यात पहिल्यांदा दोनशे माणसं तिला मान द्यायला बसली होती आणि बापाने तिथेही बोंब मारायची? आजवर माझ्या किती बोंबा खऱ्या निघाल्या होत्या? एकही नाही. एक खरी होती, ती मी मारलीच नव्हती. मी तिच्याशेजारीच उभा राहिलो. तिचा खांदा माझ्या दंडाला लागत होता. बॉयलर आमच्यापासून सहा फुटांवर. माझी मुलगी, म्हातारपणी झालेली, तिच्या अंगावर तिच्या आईची साडी. काच रिकामी असेल आणि कुणी घाबरून पंप चालू केला, तर लाल झालेल्या लोखंडावर गार पाणी पडेल, आणि मग आमच्यातलं कुणी ओळखूही येणार नाही. मी देवाला म्हणालो, भरलेली असू दे. काहीही कर, पण भरलेली असू दे. माझी नजर काचेवर, जशी चार चार तास असायची तशी.

आरती सुरू झाली. घंटा, टाळ्या. आणि काचेच्या आत, वरच्या टोकाला, एक थेंब धरला. तो हळूहळू मोठा झाला आणि आतल्या बाजूने खाली ओघळला, थेट तळापर्यंत.

पाण्याने भरलेल्या काचेत थेंब ओघळत नाही. वाफेने भरलेल्या काचेत ओघळतो.

मी ओरडायला तोंड उघडलं. आलं काहीच नाही. पुन्हा तेच, हवासुद्धा नाही. माझी बोबडी वळली नाही, कारण बोबडं बोलायलाही आवाज लागतो. पुढचं मला नीट आठवत नाही. सतरंजी पायात गोळा झाल्याचं आठवतं. कुणाचं तरी ताट उलटलं. खांद्याने मी एका पदकवाल्याला पाडलं. गेटपर्यंतचं अंतर तीनशे पावलं असेल. मी सत्तरीला आलोय आणि माझे गुडघे गेलेत, पण मी ते पोरासारखं धावलो. मागे, मांडवात, एक आवाज उठला आणि तो क्रांतीचा होता.

‘‘भायेर व्हा! समदी भायेर व्हा! पळा!’’

माझ्या घशातून जे निघायला हवं होतं, ते तिच्या घशातून निघालं. आणि मग सगळा मांडवच माझ्या मागे पळत सुटला, दादा, वहिनी, भटजी, मॅनेजर, सगळे. मी गेटच्या खांबाला धरून उभा राहिलो आणि माणसं मोजल्यासारखी बघत राहिलो. हिरवी साडी कुठे दिसेना.

ती अर्धी घटका कशी गेली ते मी लिहू शकत नाही. मी खांब सोडला नाही. आत जावं असं वाटत होतं, पाय हलत नव्हते. बाहेर यायला हलले होते. मी त्या पायांना शिव्या दिल्या. खांबावर डोकं आपटलं. दोघांनी मला धरून ठेवलं. त्यांना वाटलं मी आत धावायला बघतोय. मग आतून निरोप आला, आग बंद झाली, पोर धड आहे.

आत काय झालं ते मला जुन्या फिटरने, अल्लाबक्षने सांगितलं. सगळे पळाले तरी तो तिच्याजवळ थांबला होता. ‘‘आवं आबा, पोरीनं आदी भट्टीत चिपाड न्हेनारा पट्टा बंद केला, मंग पंखा. मंग पूजंतली चावी उचलली. हळद पुसाय बी थांबली न्हाई. कॉक उघडला तर नुसती फुस्स वाफ, पाण्याचा टिपूस न्हाई. मॅनेजर भायरनं वरडतोय, ‘पंप सुरू करा, पंप!’ ही म्हनली, ‘पंपाला हात लावंल त्याचा हात तोडीन.’ आन् बसली की खुर्ची घिऊन. लोखंड आपसूक गार हुईस्तवर हलली न्हाई.’’ पुढे बॉयलर उघडला तेव्हा सहा नळ्या वाकलेल्या सापडल्या. फुटली एकही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला, आपट्याची पानं वाटून झाल्यावर, धैर्यशीलदादांनी माझा सत्कार केला. त्याच मांडवात, तीच सतरंजी झटकून. दादा माइकवर म्हणाले, ‘‘क्रूझरवरचा अनुभव म्हंजे काय आसतो, ते काल लालासाहेबांनी दाखवलं. बॉयलरची नाडी त्यांनी नुसत्या नजरंनं वळखली आन् समद्यास्नी भायेर काढलं. आपण त्यास्नी हसत हुतो.’’ शाल, श्रीफळ, फेटा. पदकवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी ज्याला पाडलं होतं त्याने मला सलाम ठोकला. मी हात जोडून, मान खाली घालून उभा होतो. लोकांना वाटलं भरून आलंय. क्रांती कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

परत येताना मी तिच्या स्कुटीवर मागे बसलो. उसाच्या फडांमधून रस्ता होता, वाहतूक नव्हती. ती पुढेच बघत बोलायला लागली.

‘‘आबा, एक सांगू? काच बघून मला काय बी कळलं न्हवतं. तुमी सांगतायसा त्यो थेंब म्या बघितलाच न्हाई.’’

‘‘मंग?’’

‘‘तुमी लय येळा भ्यालासा. गोठ्यात साप निघाला तवा. जत्रंत पाळणा करकरला तवा. येष्टीचं ब्रेक लागंनात तवा. दर येळंला तुमी आदी माझं मनगाट धरलंत, आन् मग पळालासा. लय घट धरायचा. दोन-दोन दिस वळ ऱ्हायचं. काल म्या तुमच्या दंडाला लागून हुबी हुती, आन् तुमी मला सोडून पळालासा.’’ तिने खड्डा चुकवला. ‘‘तवा म्हनलं, आज खरं हाय. आज खरं मरान हाय. आन् म्या वरडली.’’

तिच्या आवाजात राग नव्हता. पाळी संपल्यावर पुढच्या माणसाला सांगतात तसं तिने सरळ सांगितलं. राग असता तर बरं झालं असतं, मला काही बोलता आलं असतं. मी म्हणालो, ‘‘तसं न्हाई गं.’’ आणि मग म्हणालो, ‘‘व्हय. तसंच.’’

तिने गाडी आमच्या गल्लीत वळवली.

दारात लीलाबाई औक्षणाचं ताट घेऊन उभी होती, गल्ली गोळा झाली होती. क्रांतीने गाडी स्टँडला लावली आणि माझे गुडघे दुखतात म्हणून उतरताना आधाराला हात पुढे केला. मी तो धरला नाही. सीटला धरून, सावकाश, एकटा खाली उतरलो.